साच्याकडून आयसिंगकडे : सजवलेल्या जिंजरब्रेडचा इतिहास

सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ असा मसाला घातलेली, मध किंवा काकवीने गोड केलेली आणि दीर्घकाळ टिकणारी बिस्किटे युरोपात जिंजरब्रेड या नावाखाली येतात. जर्मनीत त्यांना लेबकूखन म्हणतात, पोलंडमध्ये पिएर्निक, तर स्वीडनमध्ये पेपरकाका. नाताळच्या आधी घरातली लहानथोर मंडळी टेबलाभोवती बसून या बिस्किटांवर साखरेच्या आयसिंगने नक्षी काढतात. आज ही प्रथा पूर्णपणे घरगुती वाटते. पण मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत जिंजरब्रेड घडवणे आणि सजवणे हा मुख्यतः शहरी कारागिरांचा धंदा होता. तो घरोघरच्या स्वयंपाकघरात कसा पोचला, याची हकिगत साखर, खाण्याचा सोडा, पत्रा आणि चूल यांच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

या धंद्याचा पाया मधाचा. युरोपच्या थंड हवेत ऊस पिकत नाही. मध्ययुगात भूमध्य समुद्राकडून येणारी साखर इतकी महाग असे की ती मसाल्यांच्या आणि औषधांच्या दुकानात विकली जाई. सामान्य गोडासाठी मधच वापरत. दक्षिण जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराभोवती मोठे शाही अरण्य होते. तिथल्या झाडांच्या ढोलीतल्या पोळ्यांतून मध काढणाऱ्या त्साइडलर लोकांना सम्राट चौथा कार्ल याने १३५० मध्ये खास हक्क दिले. मधाबरोबर मेणही हाती येई आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांसाठी मेणाला सतत मागणी असे. त्यामुळे मध्य युरोपातल्या अनेक गावांत मधाची बिस्किटे करणारा आणि मेणबत्त्या ओतणारा कारागीर एकच असे.

मसाले मात्र हजारो मैलांवरून येत. मलबारची सुंठ आणि मिरी, श्रीलंकेची दालचिनी, मालुकू बेटांवरची लवंग हा माल अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसला आणि पुढे आल्प्सच्या खिंडींतून जर्मन शहरांत पोचे. न्यूरेंबर्ग या वाटेवरच्या मोठ्या व्यापारी पेठांपैकी एक होती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचल्यावर मसाल्यांचा मोठा ओघ लिस्बनकडे वळला. तिथेही न्यूरेंबर्गचे व्यापारी मागे राहिले नाहीत. १५०५ मध्ये भारताकडे निघालेल्या फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या ताफ्यात इमहोफ आणि हिर्शफोगेल या न्यूरेंबर्गच्या पेढ्यांचे भांडवल गुंतलेले होते. पुढे कोचीन आणि गोवा ही पोर्तुगीज मसाला-व्यापाराची मोठी बंदरे बनली. जंगलातला मध आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडून आलेला मसाला एकाच शहरात सहज मिळत असल्यामुळेच न्यूरेंबर्गच्या लेबकूखनचे नाव झाले.

न्यूरेंबर्गमध्ये लेबकूखन करणाऱ्या कारागिराची पहिली नोंद १३९५ ची आहे. हे कारागीर बराच काळ पाववाल्यांच्या धंद्यात मोडत. १६४३ मध्ये नगरपरिषदेने त्यांना स्वतंत्र संघाची परवानगी दिली. अशा संघात शिरायचे तर उमेदवारी करावी लागे, उस्तादाच्या हाताखाली वर्षे घालवावी लागत. पीठ किती, मध किती आणि माल कोणी विकायचा यावर नियमांचा पहारा असे. जिंजरब्रेडवर चित्र उमटवण्याचा मान किती मोठा होता हे १४८७ च्या एका प्रसंगावरून कळते. सम्राट तिसरा फ्रेडरिक न्यूरेंबर्गला आला असताना त्याने शहरातल्या सुमारे ४००० मुलांना स्वतःचे चित्र उमटवलेले लेबकूखन वाटले, असे परंपरेने सांगितले जाते.

हे चित्र लाकडी साच्यातून निघे, आणि साचा कोरणे ही स्वतंत्र कला होती. त्यासाठी नासपतीसारखे घट्ट, बारीक पोताचे लाकूड निवडत, कारण त्यात बारीक रेघही तुटत नाही. कोरणाऱ्याला सगळे उलटे पाहावे लागे. घोडेस्वाराचे तोंड उजवीकडे हवे असेल तर ते डावीकडे कोरायचे, अक्षरे उलटी काढायची आणि जो भाग बिस्किटावर सर्वांत वर यायला हवा तो लाकडात सर्वांत खोल न्यायचा. संत, बायबलमधले प्रसंग, राजे-राण्या, घोडागाड्या, पंखा घेतलेल्या बायका, दुपट्यात गुंडाळलेली बाळे, हृदये असे विषय या साच्यांवर दिसतात. त्यांतून प्रसंग ओळखता येतो. बाळाचा साचा बारशाच्या भेटीसाठी, हृदयाचा लग्नासाठी किंवा प्रेमिकेसाठी, संत निकोलसचा साचा त्याच्या ६ डिसेंबरच्या सणासाठी.

साच्याला पीठही तसेच लागे. मध गरम करून त्यात राय या धान्याचे किंवा गव्हाचे पीठ मिसळत आणि तो गोळा लाकडी पिंपात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही मुरत ठेवत. नंतर त्यात मसाला मळून गोळा साच्यात दाबून बसवत, अलगद सोडवत आणि पृष्ठभाग सुकू देऊन मगच भट्टीत घालत. पीठ फुगले की चित्र पुसट होते, म्हणून साच्याचे जिंजरब्रेड घट्ट आणि कडक असे. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातल्या स्प्रिंगर्ले या बिस्किटांत हे तंत्र आजही पाहता येते. अंडी, साखर आणि मैद्याच्या पिठावर ठसा उमटवून ती रात्रभर उघड्यावर सुकवतात. वरचा थर सुकून घट्ट होतो, त्यामुळे भाजताना पीठ फक्त खालून फुगते. चित्र जसेच्या तसे राहते आणि बिस्किटाच्या तळाशी एक छोटा पाया तयार होतो. तो नीट आला की बिस्कीट जमले असे समजतात.

पोलंडमधल्या तोरुन शहराने या कलेत न्यूरेंबर्गशी स्पर्धा केली. तिथे हा धंदा करणाऱ्या निक्लोस चान नावाच्या पाववाल्याचा उल्लेख १३८० चा आहे. विस्तुला नदीवरचे हे व्यापारी शहर, आजूबाजूला गव्हाची शेती आणि मध, आणि बंदरामार्गे येणारा मसाला, असा तिथेही योग जुळला. सतराव्या शतकातले राजघराण्याच्या प्रतिमांचे तोरुनचे साचे आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. अशी बिस्किटे पाहुण्यांना मानाची भेट म्हणून दिली जात. १८२५ मध्ये तरुण संगीतकार शोपँ तोरुनला गेला, तेव्हा शहराच्या इमारतींपेक्षा तिथल्या जिंजरब्रेडची छाप आपल्यावर अधिक पडली असे त्याने मित्राला पत्रातून कळवले.

इंग्लंडमध्ये सजावटीची वाट थोडी वेगळी होती. पंधराव्या शतकातल्या पाककृतींत जिंजरब्रेड म्हणजे पावाचा चुरा, मध आणि मसाले शिजवून थापलेली वडी असे. तिच्यावर लवंगा टोचत आणि कडेने पाने लावत. पुढे पाव-चुऱ्याची जागा पिठाने आणि मधाची जागा काकवीने घेतली. काकवी स्वस्त झाली ती कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांमुळे, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत होते, हे या गोडाच्या इतिहासातून वगळता येत नाही. जत्रांत विकल्या जाणाऱ्या इंग्रजी जिंजरब्रेडवर सोनेरी वर्ख लावत, त्यामुळे गरिबाच्या हातातही काही क्षण राजेशाही वस्तू येई.

घरगुती वळणाचा एक जुना पुरावा अमेरिकेत सापडतो. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स या बाईंचे पाककृतींचे पुस्तक छापले गेले. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे. पिठात धण्यांची पूड, लोणी आणि साखर घालायची, दुधात विरघळवलेला पर्लअ‍ॅश म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध क्षार मिसळायचा, पोळी लाटून हव्या त्या आकारात कापायची किंवा ठसा मारायचा आणि मंद आचेवर भाजायची. सुरुवातीला ही कुकी कडक लागते, मात्र मातीच्या भांड्यात तळघरात ठेवली तर सहा महिन्यांनी अधिक मऊ आणि चविष्ट होते, असेही त्यात म्हटले आहे. इथे कोरलेला साचा नाही आणि संघाचा परवानाही नाही. लाटणे, कापण्याचे साधन आणि क्षार एवढ्यावर काम भागते.

पुढच्या शतकात उरलेल्या अडचणीही एकेक करून दूर झाल्या. बीटमधली आणि उसातली साखर एकच असल्याचे १७४७ मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना उभारला. शतक संपेपर्यंत साखर सामान्य घरातली वस्तू झाली. पर्लअ‍ॅशच्या जागी खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर आली. १८९० च्या दशकात आउगुस्ट अ‍ॅटकर या जर्मन औषधविक्याने बेकिंग पावडरची मोजून भरलेली छोटी पुडी बाजारात आणली, तेव्हा भाजण्यातला अंदाजाचा भाग बराच कमी झाला. लोखंडी शेगड्यांमुळे स्वयंपाकघरात ओव्हन आला. त्याआधी अनेक घरे तयार पीठ गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणत, जसे महाराष्ट्रातल्या शहरांत दिवाळीच्या आधी रवा, तूप, साखर घेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती. पत्र्याचे स्वस्त कटर निघाले आणि तारा, हृदय, माणूस, प्राणी हे आकार कोणालाही कापता येऊ लागले. त्याच सुमारास रंगीत छपाई स्वस्त झाली आणि बिस्किटावर संत निकोलसचे छापील कागदी चित्र चिकटवून विकण्याची पद्धत पडली. लाकडी साच्याला फटका बसला तो या दोन गोष्टींनी.

कटरने कापलेल्या बिस्किटाचा पृष्ठभाग कोरा असतो. ती जागा आयसिंगने भरून काढली. अंड्याचा पांढरा बलक, बारीक दळलेली साखर आणि थोडा लिंबाचा रस फेटून केलेले आयसिंग सुकल्यावर दगडासारखे घट्ट बसते. बलकातील प्रथिने हवा धरून ठेवतात, आंबटपणामुळे फेस टिकतो आणि पाणी उडून गेल्यावर साखर कडक होते. भांड्याला तुपाचा अंश राहिला तर फेस धरत नाही. सजावट करणारे आयसिंग दोन प्रकारचे करतात. दाट आयसिंग कोनमधून काढून आधी आकाराची कड आखतात. मग थोडे पाणी घालून पातळ केलेले आयसिंग कडेच्या आत सोडतात, ते आपोआप पसरून सपाट होते. पहिला रंग पूर्ण सुकल्याखेरीज दुसरा लावत नाहीत, नाहीतर रंग एकमेकांत उतरतात. कच्च्या अंड्याचा धोका टाळण्यासाठी आता बलकाची वाळवलेली पूड वापरतात.

कारागीर आणि घर यांच्या मधली अवस्था उत्तर क्रोएशियात जिवंत आहे. तिथली लिसितार हृदये भडक लाल रंगाची असतात. त्यांवर पांढऱ्या आणि रंगीत आयसिंगच्या वेलबुट्ट्या, मध्ये छोटा आरसा आणि कधी एखादी कविता किंवा संदेश असतो. तरुणाने जत्रेत असे हृदय विकत घेऊन आवडत्या मुलीला द्यायचे, असा रिवाज होता. लग्नासाठी नवरा-नवरीची नावे आणि तारीख लिहून हृदये करून घेतात. कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या भागात काम करतात आणि एकमेकांच्या भागात शिरत नाहीत. पूर्वी ही विद्या पुरुषांकडेच जाई, आता बायकाही ती शिकतात. २०१० मध्ये युनेस्कोने या कलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

जिंजरब्रेडच्या घराला प्रसिद्धी मिळाली ती गोष्टीमुळे. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेतले चेटकिणीचे घर पावाचे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. २३ डिसेंबर १८९३ ला जर्मन संगीतकार हुम्परडिंक यांचा याच कथेवरचा ऑपेरा वायमारमध्ये प्रथम सादर झाला आणि नाताळाशी त्याचे नाते पक्के जुळले. एकोणिसाव्या शतकात जर्मन घरांत ही छोटी घरे करण्याची चाल पसरली आणि स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत गेली. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९९१ पासून दरवर्षी शाळा, बालवाड्या आणि कुटुंबे मिळून जिंजरब्रेडचे अख्खे गाव उभारतात.

इकडे भारतात गोवा आणि वसईच्या ख्रिस्ती घरांनी नाताळच्या फराळाची आपली स्वतंत्र परंपरा घडवली. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल यांची ताटे शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरतात. कुलकुलचा गोळा स्वच्छ फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून वळवतात, त्याने त्यावर रेघा उमटतात. ओव्हनशिवाय, तळणीच्या स्वयंपाकात ठशाची सजावट कशी करता येते, याचे ते सुंदर उदाहरण आहे. आयसिंगने सजवलेली जिंजरब्रेडची माणसे आणि घरे महाराष्ट्रात उशिरा आली. आता डिसेंबरात ती मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत आणि घरगुती बेकिंग करणाऱ्यांकडे मिळतात.

या प्रवासात काही गमावले आणि बरेच मिळाले. उलट्या चित्रात विचार करणारा साचेकार जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याच्या हातचे बारकावे कोनच्या टोकातून येत नाहीत. त्याच्या बदल्यात संघाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला, विशेषतः घरातल्या बायकांना आणि मुलांना, सणाच्या गोडावर स्वतःची खूण उमटवता आली. हा लाभ मोठा आहे. जुनी कलाही पूर्ण संपलेली नाही. जुन्या साच्यांवरून काढलेल्या प्रतिकृती आता विकत मिळतात आणि त्यांच्या साहाय्याने घरच्या ओव्हनमध्ये स्प्रिंगर्ले भाजली जातात.