बेलरे आणि मुंबईची गोदी, १९४४

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर चढाई केल्यावर तेथील सरकारने देशाबाहेरील आपली व्यापारी जहाजे नॉरट्राशिप या सरकारी संस्थेच्या हाती सोपवली, आणि सुमारे हजार जहाजांचा हा ताफा दोस्त राष्ट्रांसाठी माल वाहू लागला. त्यातीलच बेलरे हे मालवाहू जहाज १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत होते. तेथील व्हिक्टोरिया गोदीत, म्हणजे जहाजे आत घेऊन माल उतरवण्याच्या बांधीव कुंडात, फोर्ट स्टिकिन हे ब्रिटिश जहाज सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी घेऊन उभे होते. स्फोटकांशेजारी कापूस भरणे हा जहाजटंचाईने लादलेला, तरीही अक्षम्य जुगार होता. दुपारी चारनंतरच्या दोन स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त झाली, बेलरेलाही झळ पोहोचली, अनेक अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, आणि दूर सिमल्याच्या भूकंपमापकानेही हादरे टिपले. नवी दिल्लीतून राज्य करणाऱ्या सरकारच्या सेन्सॉरने, म्हणजे बातम्या तपासून अडवणाऱ्या यंत्रणेने, ही हकिकत रोखून धरली. शत्रुपक्षाच्या सायगाव रेडिओने मात्र ती आधीच जगाला ऐकवली, आणि वार्ताहरांना सविस्तर वृत्त पाठवण्याची मुभा मे महिन्यात मिळाली.