दुरुस्तीची तजवीज

भिलईजवळच्या आमच्या हथखोजहून देवबलोदा जवळच. तिथलं शिवमंदिर कलचुरींच्या काळातलं, दगडी. शेजारी कुंड आहे, पण देवळाला शिखर नाही. शेजारची डोकरी दाई त्याची कथा रंगवून सांगायची. कारागीर विवस्त्र होऊन देऊळ घडवत असे आणि बायको त्याला जेवण आणून देई. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. लाजेनं त्यानं कुंडात उडी घेतली, बहिणीनं तळ्यात. शिखर राहिलं ते राहिलंच.

आम्ही मुलं त्या बहिणीसाठी हळहळायचो. आजोबा मात्र विचारायचे, "उरलेलं देऊळ कुणी सांभाळलं गं, दाई?" दाई म्हणायची, "गावानं."

हा प्रश्न त्यांच्या नोकरीतून आला होता. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये भिलईची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून आलेले आजोबा भट्ट्यांच्या दुरुस्तीच्या कामाला लागले. आमच्या घरात 'कॅपिटल रिपेअर', म्हणजे भट्टीची मोठी दुरुस्ती, हा शब्द सणवारासारखा यायचा. त्या दिवसांत आजोबा घरी दिसायचे नाहीत. भट्टी पेटवणाऱ्यांचा फोटो निघतो, अस्तर बदलणाऱ्यांचा निघत नाही, असं ते म्हणत.

आजीकडे याला जोड होती अहिल्याबाईंची. होळकरांची दौलत वेगळी आणि बाईंची खासगी वेगळी. या खासगीतूनच त्यांनी देशभर देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या केल्या. काशीचं विश्वनाथ मंदिर 1780 मध्ये उभं राहिलं, सोमनाथला 1783 मध्ये. पुढच्या पूजेअर्चेची नेमणूकही त्या करून देत. "कळस चढवणं एका दिवसाचं काम, बाळा," आजी सांगायची, "तेलवातीची सोय बाईंनी पिढ्यांसाठी केली."

या दोघांच्या बोलण्याचा अर्थ मला सिरपूरला कळला. महानदीकाठचं हे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. इथलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. मंडप कधीच ढासळला, खांबांचे बुंधे तेवढे उरलेत. पण गाभारा आणि त्यावरचं शिखर उभं आहे. जवळ जाऊन पाहिलं, तर विटा इतक्या घट्ट बसवलेल्या की मधला सांधा शोधावा लागतो. विटांतच कोरलेल्या खोट्या खिडक्या, आणि दगडी दारावर शेषशायी विष्णू. आजोबांनी भिंतीवरून तळहात फिरवला, जसा ते नव्या अस्तरावरून फिरवत असावेत.

हे मंदिर बांधलं वासटा राणीनं, सातव्या शतकाच्या सुमारास. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी आणि दक्षिण कोसलच्या हर्षगुप्त राजाची विधवा. पतीच्या स्मरणार्थ तिनं हे विष्णुमंदिर उभारलं, तेव्हा तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन गादीवर होता. लोक याला प्रेमाचं स्मारक म्हणतात, ते खरंच आहे. पण मला तिच्या शिलालेखातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तिनं देवळाला गावं लावून दिली आणि उत्पन्नाचे वाटे ठरवले: अन्नछत्राला, मोडतोडीच्या डागडुजीला, देवळाच्या सेवकांच्या कुटुंबांना आणि ब्राह्मणांना. हे ऐकून आजोबा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "बाईनं मेंटेनन्सचं बजेट दगडात कोरून ठेवलंय!"

तो शिलालेख आता रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी हे संग्रहालय 1875 मध्ये सुरू केलं. 1953 ची नवी इमारत उभी राहिली ती राणी ज्योतीदेवी आणि त्यांचा मुलगा दिग्विजयदास यांच्या देणगीतून. वासटेच्या शब्दांवर छप्पर धरणाऱ्यांतही एक स्त्री होती.

अहिल्याबाईंचे पुतळे गावोगावी आहेत. वासटेचं नाव मात्र छत्तीसगडात वाढलेल्या मराठी मुलांनाही ठाऊक नसतं. तिची गोष्ट त्यांना सांगायला हवी, आणि ती सांगताना डागडुजीचा वाटा गाळू नये. आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहासाठी, गावच्या देवळासाठी वर्गणी काढताना पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचा वाटा आधी बाजूला काढावा. वासटेचा मान राखायचा, तर तो असा राखावा.