‘पैशाचं काय केलं?’ : इंदूरजवळच्या एका प्रयोगाची गोष्ट

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या निम्म्या विद्यार्थ्यांचा विषय एकच आहे : ‘लाभार्थी महिलांनी दीड हजार रुपये कशावर खर्च केले?’ विषय वाईट नाही. प्रश्नावली पटकन तयार होते. किराणा, औषधं, शाळा, कपडे, इतर. टक्केवारी काढायची, आलेख टाकायचा, झालं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही हेच लिहिलं होतं. गाइडनी समासात एक ओळ लिहून तो परत पाठवला : ‘नोटेवर खर्चाचं नाव छापलेलं असतं का?’

ही ओळ कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून आधी तीच सांगतो. समजा, एका बाईने सांगितलं की आलेले पैसे औषधावर गेले. पण मूल तापाने फणफणलं असतं तर औषध तिने तसंही आणलंच असतं. दुकानदाराकडून, जावेकडून, नाहीतर सावकाराकडून उसने घेऊन आणलं असतं. म्हणजे तुमच्या तक्त्यात ‘औषध’ वाढलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात बदललंय ते उसनं घेणं. ते तुम्ही विचारलंच नाही, म्हणून ते तुमच्या प्रबंधात नाही.

आता ‘विनाअट’ या शब्दाबद्दल. इथे बरेच जण गोंधळतात. पात्रतेच्या अटी वेगळ्या (वय, उत्पन्न, रहिवास) आणि वागणुकीच्या अटी वेगळ्या. पैसे मिळाल्यावर काय करायचं, कुठे खर्चायचे, बदल्यात काय करून दाखवायचं हे कोणी सांगत नसेल तर ती मदत विनाअट. पात्रता कडक असूनही मदत विनाअट असू शकते.

गरिबाला अट न घालता काही द्यायचं, याची भीती फार जुनी आहे. आपल्याकडे तिचा कागदोपत्री पुरावा हवा असेल तर १८७६–७८ च्या दुष्काळाची कागदपत्रं बघा. व्हाइसरॉय लिटनने रिचर्ड टेंपलला दुष्काळी प्रतिनिधी म्हणून पाठवलं आणि त्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. खर्च वाचवायचा होताच, पण सोबत ‘पारखही’ करायची होती : काम जड आणि मजुरी कमी ठेवली की खरा उपाशी असेल तोच येईल. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून याला विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये धोरण बांधलं तेव्हा काम करून घेऊनच मदत हे तत्त्व कायम राहिलं. फुकट मदत फक्त ज्यांना काम करताच येत नाही त्यांना.

१९७२ च्या दुष्काळातून आपली रोजगार हमी उभी राहिली. तिची तुलना टेंपलशी करणं अन्यायाचं होईल, कारण वि. स. पागेंच्या कल्पनेत काम हा हक्क होता, परीक्षा नव्हती. तरी पैसा हातात पडायचा तो खडी फोडल्यावर किंवा पाझर तलावाची माती उपसल्यावरच. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना आणली तेव्हा श्रमाची अट गेली आणि तिच्या जागी दुसरी आली : मुलं शाळेत गेली पाहिजेत, आई दवाखान्यात तपासणीला आली पाहिजे, मग पैसे. अट सौम्य झाली, संशय मात्र तोच राहिला. नुसता पैसा दिला तर हे लोक तो उडवतील.

हा संशय भारतातल्या खेड्यात तपासून पाहण्याचं काम मध्य प्रदेशात झालं आणि त्यासाठीच हा लेख लिहितोय. २०११ मध्ये ‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या निधीतून इंदूरच्या परिसरातल्या आठ गावांत सगळ्यांना दरमहा रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. ‘सगळ्यांना’ हा शब्द अधोरेखित करा. दारिद्र्यरेषेचं कार्ड नाही, जात नाही, जमीन नाही. गावात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला २०० रुपये आणि मुलाला १००. मुलांचे पैसे आईच्या हाती. वर्षभराने रक्कम ३०० आणि १५० केली. तुलनेसाठी तशीच बारा गावं घेतली, तिथे पैसे दिले नाहीत. निवडलेल्या गावांपैकी काहींत ‘सेवा’चं आधीपासून काम होतं, काहींत नव्हतं, म्हणजे संघटनेचा परिणाम आणि पैशाचा परिणाम काही अंशी वेगळा करता यावा. याखेरीज एका आदिवासी गावात सुरुवातीपासूनच ३०० आणि १५० च्या दराने वर्षभर पैसे दिले आणि दुसरं आदिवासी गाव तुलनेला ठेवलं. गाय स्टँडिंग, रेनाना झाबवाला, शरत दावला आणि सौम्या कपूर मेहता यांनी यावर लिहिलेलं पुस्तक २०१५ मध्ये आलं.

रक्कम किती होती हे हिशेबाने बघा. नवरा-बायको आणि तीन मुलं असं घर धरलं तर महिन्याला ७०० रुपये, वर्षाला ८,४००. दर वाढल्यावर महिन्याला १,०५०. यात घर चालत नाही. म्हणून मला पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं, एवढ्याशा पैशात काय फरक पडणार?

फरक कसा पडला ते समजून घ्यायला या घराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. जून आला, बियाणं-खत हवं, हातात रोकड नाही. मग गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडून उचल घ्यायची. ती फेडायची कशाने? श्रमाने. आपल्या शेतात खुरपणी तोंडावर आलेली असते नेमकी तेव्हाच त्याच्या शेतात बोलावणं येतं आणि मजुरीचा दर आपण ठरवत नाही, कारण पैसे आधीच घेतलेत. आपलं रान तणात जातं. सोयाबीन निघालं की भाव पडलेला असताना विकायचं, देणेकरी दारात उभा असतो म्हणून. पुढच्या जूनला पुन्हा तेच. उचल फारच वाढली तर घरातला एखादा पुरुष वर्षाच्या बोलीवर नोकर राहतो. आपल्याकडच्या सालगड्याची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

या चक्रात नेमकी पाचर बसली. अभ्यासकांना पैसे मिळालेल्या गावांत लोक दुसऱ्याच्या मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे आणि स्वतःच्या लहानमोठ्या धंद्याकडे वळलेले दिसले. काम कमी झालं नाही, उलट वाढलं. फक्त कोणासाठी करायचं ते बदललं. कर्ज कमी झालं किंवा निदान नवं वाढलं नाही. आदिवासी गावात जनावरं वाढली. लहान मुलांची वयाच्या मानाने वजनं सुधारली, मुलींची जास्त. मोठ्या मुलींचं माध्यमिक शाळेत जाणं वाढलं. दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही.

स्टँडिंग यांचा यामागचा युक्तिवाद मला या सगळ्या साहित्यात सर्वांत कामाचा वाटतो. अशा गावांत रोख पैसा हीच एक दुर्मिळ वस्तू असते आणि दुर्मिळ वस्तूची किंमत चढी असते. त्या किमतीलाच आपण व्याज म्हणतो, किंवा कमी मजुरीने फेडलेली उचल म्हणतो. प्रत्येक घरात थोडी रोकड ठरल्या तारखेला यायला लागली की तिची टंचाई कमी होते. शेजारी-नातेवाईक एकमेकांना उसने देऊ शकतात. म्हणून ७०० रुपये मिळालेल्या घराला मिळालेला मोकळेपणा ७०० रुपयांपेक्षा जास्त असतो. आणि म्हणूनच ‘कशावर खर्च केले?’ या प्रश्नाच्या उत्तरात तो कुठेच सापडत नाही. तो सापडतो ‘यंदा कोणाच्या दारात जावं लागलं नाही?’ या प्रश्नात.

(या प्रयोगात कोणाचं नुकसान झालं असेल, हेही विचारायला हवं. स्वस्त मजूर आणि हमखास कर्जदार ज्यांच्या हातून निसटले ते याबद्दल काय म्हणाले, यावर कोणी स्वतंत्र प्रबंध केला तर मी पहिला वाचक.)

आता जरा सावध होऊ. प्रयोग चालवणारी संघटना आणि अभ्यास लिहिणारे लोक मोठ्या प्रमाणात एकच आहेत. स्टँडिंग तर १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बेसिक इन्कमच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे संस्थापकांपैकी एक. याचा अर्थ निष्कर्ष खोटे असा होत नाही. पण तुम्ही ते दुसऱ्या पुराव्यांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. शिवाय प्रयोग दीडेक वर्षाचा होता आणि पैसे थांबणार हे सगळ्यांना माहीत होतं. दारूबद्दल तोंडी उत्तरांवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहेच. त्यासाठी इव्हान्स आणि पोपोव्हा यांनी जगभरातले १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. तिथेही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

केनियातल्या रारिएडा भागातला हाउसहोफर आणि शापिरो यांचा अभ्यास जरूर वाचा, कारण त्यात हप्त्याचा प्रश्न आहे. काही घरांना रक्कम महिन्या-महिन्याने दिली, काहींना एकदम. महिन्याने मिळालेल्या घरांचं खाणंपिणं जास्त सावरलं, एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. गवताचं छप्पर काढून पत्रे घालणं ही तिथली मोठी खरेदी. गवत पुन्हापुन्हा बदलायचा खर्च वाचतो, म्हणून पत्रा ही चैन नाही, गुंतवणूक आहे. आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात आणि जमीन नावावर असलेल्यांनाच येतात. इंदूरच्या प्रयोगाशी याची तुलना करताना रकमेआधी या दोन गोष्टी लिहा.

अट उपयोगाचीच नाही, असंही समजू नका. मलावीत झोंबा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या एका गटाला शाळेच्या अटीवर आणि दुसऱ्याला विनाअट पैसे दिले. शाळेची हजेरी अटीच्या गटात जास्त सुधारली. पण लवकर लग्न आणि गरोदरपण विनाअट गटात जास्त टळलं, कारण शाळा सुटलेल्या मुलीचे पैसे तिथे बंद होत नव्हते. अट जे मोजते ते सुधारते आणि जी मुलगी अटीबाहेर पडली तिला त्याच वेळी सोडून देते. अशा वेळी ‘कोणती पद्धत चांगली’ याचं उत्तर तुम्ही काय मोजायचं ठरवता त्यावर अवलंबून राहतं.

माझा सिनॉप्सिस शेवटी मंजूर झाला तो प्रश्नावलीतला एक भाग बदलल्यावर. खर्चाचा तक्ता मी ठेवला, पण त्याच्या आधी चार साधे प्रश्न घातले : मागच्या वर्षी पेरणीला पैसे कुठून आणले, कोणाकडे उचल होती, ती कशी फेडली, आणि यंदा? जमलं तर गावातल्या किराणा दुकानदाराशी ओळख करून घ्या आणि त्याची उधारीची वही बघायला मागा. पहिल्या भेटीत तो देणार नाही. तिसऱ्या भेटीत, चहा पिताना, पानं उलटत स्वतःच सांगायला लागतो, कोणाचं खातं कोणत्या महिन्यापासून कोरं आहे.