पश्चात्तापाची कोठडी आणि भरपाईची वाट: पेनसिल्व्हेनियातील ख्रिस्ती न्यायसुधारणेचा इतिहास

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात दंडविधान सुधारण्यासाठी ख्रिस्ती समाजांनी तीन शतके जे प्रयत्न केले, त्यांचा वारसा दुहेरी आहे. एकांत कारावासाची पद्धत जगभर पसरली ती याच प्रयत्नांतून, आणि तिला पर्याय म्हणून पुढे आलेल्या पुनःस्थापक न्यायाची मुळेही ख्रिस्ती शांततावादी समाजांतच आहेत. गुन्हा म्हणजे केवळ राज्याच्या कायद्याचा भंग नसून माणसांना व त्यांच्या परस्परसंबंधांना झालेली इजा आहे, असे मानून ती इजा कोणी व कशी भरून काढावी याला शिक्षेच्या मोजमापापेक्षा अधिक महत्त्व देणारा विचार म्हणजे पुनःस्थापक न्याय. या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे करुणेपोटी झालेली सुधारणासुद्धा पीडिताला विसरली की निर्दय होऊ शकते, हे स्पष्ट होते.

पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन हा क्वेकर पंथाचा होता. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश असतो असे मानणारा, युद्ध व शपथ या दोन्हींना नकार देणारा हा पंथ इंग्लंडमध्ये छळला गेला, आणि श्रद्धेपायी स्वतः पेननेही न्यूगेटच्या तुरुंगाचा अनुभव घेतला. १६८२ मध्ये त्याच्या पुढाकाराने संमत झालेल्या ‘महाकायद्या’ने देहदंडाची व्याप्ती अत्यंत आकसली आणि चोरी-घरफोडीसारख्या गुन्ह्यांत पीडिताला नुकसानीच्या कित्येक पट भरपाई देण्याची तरतूद केली. इंग्लंडमध्ये क्षुल्लक चोरीसाठीही माणसे फासावर जात असताना ही तरतूद असामान्य होती. तथापि १७१८ मध्ये क्वेकरांना न्यायालयात शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळवताना वसाहतीने इंग्लंडचे कठोर दंडविधान स्वीकारले. पंथाच्या सद्सद्विवेकाचे रक्षण झाले, पण त्याची किंमत गुन्हेगारांनी फासावर मोजली.

स्वातंत्र्यानंतर सुधारणेला पुन्हा चालना मिळाली. १७८६ च्या कायद्याने अनेक गुन्ह्यांवरील देहदंड रद्द करून त्याऐवजी सक्तमजुरी आणली. परंतु मुंडण केलेले, साखळदंड बांधलेले कैदी फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर राबताना दिसू लागले आणि बघ्यांच्या गर्दीशी त्यांचे खटके उडू लागले. ही विटंबना थांबावी म्हणून १७८७ मध्ये सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद एपिस्कोपल चर्चचे बिशप विल्यम व्हाइट यांच्याकडे होते, डॉक्टर बेंजामिन रश यांच्यासारखे विचारवंत तिच्यात होते आणि सभासदांत क्वेकरांची संख्या मोठी होती. संस्थेने विधिमंडळाकडे अर्जामागून अर्ज केले, आणि १७९० च्या कायद्यान्वये वॉलनट स्ट्रीट तुरुंगात एकांतवासाच्या सोळा कोठड्या उभ्या राहिल्या.

या विचाराची परिणती १८२९ मध्ये सुरू झालेल्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीत, म्हणजे राज्याच्या पश्चात्तापगृहात झाली. वास्तुविशारद जॉन हॅविलंड यांनी केंद्रस्थानापासून सात लांब दालने काढली आणि त्यांत प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी दिली. सुमारे आठ फूट रुंद व बारा फूट लांब अशा त्या कोठडीत उजेड येई तो छतातील झरोक्यातून. सोबतीला बायबल असे आणि हाताला विणकामासारखे किंवा जोडे शिवण्यासारखे काम. कोठडीबाहेर न्यायचे झाल्यास कैद्याच्या डोक्यावर चेहरा झाकणारी टोपी घातली जाई आणि नावाऐवजी त्याचा क्रमांक वापरला जाई. माणूस वाईट संगतीपासून दूर, स्वतःच्या अंतरात्म्यासमोर राहिला की तो पालटेल, हा या रचनेमागील विश्वास प्रामाणिक होता. पण १८४२ मध्ये तेथे आलेले कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांना मनावरचा तो संथ अत्याचार शारीरिक यातनेहूनही भयंकर वाटला. युरोप-आशियातील अनेक तुरुंगांनी ही रचना उचलली, मात्र पेनसिल्व्हेनियाने स्वतः १९१३ मध्ये ही पद्धत अधिकृतपणे सोडून दिली.

तिचे अपयश केवळ एकांताच्या क्रौर्यात नव्हते. कैदी आणि ईश्वर यांच्यात जो संवाद अपेक्षित होता, त्यात ज्याच्या घरी चोरी झाली किंवा ज्याच्या अंगावर वार झाला तो माणूस कोठेच नव्हता. पेनच्या कायद्यातील भरपाई मागे पडली होती आणि गुन्हेगाराचे ऋण परस्पर राज्याच्या खाती जमा झाले होते. १९७१ मध्ये क्वेकरांच्या ‘अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी’ने प्रसिद्ध केलेल्या अहवालात अमेरिकी तुरुंगव्यवस्थेच्या भीषणतेचे मूळ आपल्याच पूर्वजांच्या सुधारणेत असल्याचे नि:संकोच मान्य केले, ही या परंपरेच्या नैतिक धैर्याची साक्ष आहे.

दुसरी वाट मेनोनाइटांनी दाखवली. प्रौढ वयातील बाप्तिस्मा आणि अहिंसा मानणारा हा पंथ १६८३ पासून पेनच्याच वसाहतीत आश्रयाला आला होता. ती वाट प्रथम दिसली मात्र पेनसिल्व्हेनियाबाहेर. १९७४ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या एल्मायरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. त्यांचे प्रकरण हाताळणाऱ्या मेनोनाइट प्रोबेशन अधिकाऱ्याने व त्याच्या सहकाऱ्याने त्यांना पीडितांची भेट घ्यायला लावावी असे सुचवले, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केले. त्या दोघांनी एकेक दार ठोठावले, समोरच्या माणसाच्या तोंडून नुकसान ऐकले आणि पुढील काही महिन्यांत भरपाई चुकती केली. १९७८ मध्ये इंडियाना राज्यातील एल्खार्ट येथे याच धर्तीवर पीडित-गुन्हेगार समेटाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यातून घडलेले मेनोनाइट अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये ‘चेंजिंग लेन्सेस’ या ग्रंथात पुनःस्थापक न्यायाची मांडणी केली. कोणता कायदा मोडला, कोणी मोडला आणि त्याला काय शिक्षा व्हावी, या प्रश्नांऐवजी कोणाला इजा झाली, त्याच्या गरजा काय आणि त्या पुरवण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न विचारावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

हा विचार पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यापर्यंत पोहोचला तो मिश्र स्वरूपात. १९९५ च्या विशेष अधिवेशनात राज्याने बालगुन्हेगारी कायद्यात दुरुस्ती करून समाजाचे संरक्षण, केलेल्या कृत्याची जबाबदारी आणि मुलाच्या क्षमतांचा विकास या तिन्हींकडे सारखे लक्ष देण्याचे तत्त्व स्वीकारले. मात्र त्याच दुरुस्तीने काही गंभीर गुन्ह्यांतील मुलांना बाल न्यायालयातून वगळून थेट प्रौढांच्या न्यायालयाकडे पाठवले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले.

म्हणूनच या इतिहासाचा बोध न्यायसुधारणेचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताने गंभीरपणे घ्यावा असा आहे. सद्हेतू हा सुधारणेच्या न्याय्यतेचा पुरावा नव्हे. ज्यांच्या नावाने ती केली जाते त्यांना ती कशी भोगावी लागते, हीच तिची कसोटी. क्षमा ही पीडिताची असते, म्हणून राज्याने ती त्याच्याकडून वसूल करता कामा नये. पण सत्य ऐकण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि भरपाई मागण्याचा त्याचा हक्क मात्र राज्याने राखलाच पाहिजे. आणि गुन्हेगाराला केवळ सोसण्यासाठी डांबून ठेवण्याऐवजी केलेले नुकसान भरून काढण्याची संधी देणे, हे दयेचे नव्हे, न्यायाचेच काम आहे.