बाहुल्यांची पत्रे आणि बिनवर्दीची पोलीस

 

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सीमा येते. पण लढाईचा एक भाग घरच्या गावातही चालतो. बंदरात, टपाल कचेरीत, दुकानात. तिथे शत्रूचा हेर शोधायचा असतो, आणि तो आपल्यासारखाच दिसतो. आज अशा एका बाईची गोष्ट सांगतो. तिने अंगावर वर्दी कधी घातली नाही, पण काम पोलिसाचे केले. तिचे नाव एलिझबेथ फ्रीडमन.

१९४२ चे सुरुवातीचे दिवस. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला त्याला काही आठवडेच झाले होते. अमेरिकेत परदेशी टपाल उघडून तपासले जाई. अर्जेंटिनातील ब्यूनोस आयर्सला निघालेले एक पत्र तपासनिसांच्या हाती आले. मजकूर बाहुल्यांचा. तीन जुन्या इंग्लिश बाहुल्या दुरुस्तीला दिल्या आहेत, अशा थाटाचा. जुन्या बाहुल्या जमवण्याचा छंद तिकडे मोठा होता, त्यामुळे वरवर पाहता त्यात काही वावगे नव्हते. पण वाचणाऱ्याला ते खटकले.

मग आणखी चार पत्रे हाती लागली. ब्यूनोस आयर्सचा तो पत्ता सापडत नव्हता, म्हणून टपाल खात्याने पत्रे पाठवणाऱ्यांकडे परत केली. पाठवणाऱ्या म्हणून ज्यांची नावे होती, त्या बायका वेगवेगळ्या राज्यांतल्या. त्या म्हणाल्या, आमच्या बाहुल्यांची माहिती बरोबर आहे, सही आमच्यासारखी आहे, पण हे पत्र आम्ही लिहिलेलेच नाही!

एका पत्रात कोणी मिस्टर शॉ आजारी होते, आता लवकरच कामावर येतील, असा उल्लेख होता. शॉ नावाची विनाशिका पर्ल हार्बरमध्ये जबर जखमी झाली होती आणि तिची दुरुस्ती पश्चिम किनाऱ्यावर चालू होती. आता बाहुल्यांचा अर्थ लागू लागला. दुरुस्तीतल्या बाहुल्या म्हणजे गोदीतल्या युद्धनौका.

या साऱ्या बायकांना जोडणारा दुवा एकच निघाला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर बाहुल्यांचे दुकान चालवणारी व्हेल्व्हली डिकिन्सन. सगळ्यांचा तिच्याशी पत्रव्यवहार होता. ती आणि तिचा नवरा पश्चिम किनाऱ्यावर ज्या हॉटेलांत उतरले, तिथल्या टाइपरायटरवर काही पत्रे टाइप झाली होती. एफबीआयने तिच्यावर पाळत ठेवली आणि २१ जानेवारी १९४४ रोजी बँकेच्या लॉकरपाशी तिला पकडले. लॉकरमध्ये सुमारे १३ हजार डॉलर होते, त्यातल्या काही नोटांचा माग जपानी अधिकाऱ्यांपर्यंत गेला. हेरगिरी माझ्या नवऱ्याने केली, असे तिने सांगितले. नवरा आदल्या वर्षीच वारला होता.

खटल्यासाठी सरकारी वकिलाला त्या पत्रांचा अर्थ नीट मांडून हवा होता. तो एलिझबेथकडे आला. आकड्यांचे कोडे सोडवणे वेगळे आणि साध्या वाक्यात दडलेला अर्थ पकडणे वेगळे. तिने पाचही पत्रांतल्या बाहुल्यांची संगती लावून दिली. डिकिन्सनने शेवटी टपाल तपासणीचे नियम मोडल्याचा गुन्हा कबूल केला, हेरगिरीचे आरोप मागे घेतले गेले. शिक्षा १० वर्षे कैद आणि १० हजार डॉलर दंड. बातम्यांत नाव गाजले एफबीआयचे.

एलिझबेथला हे नवे नव्हते. दारूबंदीच्या काळात समुद्रावरून चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्यांचे हजारो रेडिओ संदेश तिने तटरक्षक दलासाठी फोडले होते. १९३३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टात तिने फळा मागवून घेतला आणि संदेश कसा उलगडतो हे पंचांना खडूने लिहून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात हेच पथक दक्षिण अमेरिकेतल्या जर्मन हेरांचे संदेश वाचत होते. त्याविषयी तिने जाहीरपणे ब्र काढला नाही. १९८० मध्ये ती वारली, आणि तिचे खरे काम जगाला कळले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. शत्रूचा हेर, त्याला पकडणारी हुशार बाई. आता तिची आधीची बाजू ऐका, कारण ती आपल्याला टोचणारी आहे.

पहिल्या महायुद्धात एलिझबेथ आणि तिचा नवरा विल्यम इलिनॉयमधल्या रिव्हरबँक या खासगी संस्थेत काम करत. तिथे त्यांच्याकडे पकडलेल्या पत्रांचा एक गठ्ठा आला. ही पत्रे होती गदर चळवळीतल्या आपल्या लोकांची. जर्मनीच्या मदतीने हिंदुस्थानात शस्त्रे पोचवून ब्रिटिश राज्य उलथवण्याचा त्यांचा बेत होता. याच चळवळीतून आपले विष्णू गणेश पिंगळे मायदेशी आले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच वाटेचे. त्या पत्रांतली एक लिपी छापील पुस्तकावर बेतलेली होती. पानाचा आकडा, ओळीचा आकडा, असा. पुस्तक हाती नसतानाही ती फोडली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात विल्यम साक्षीला उभा राहिला. २९ जण दोषी ठरले. निकालाच्या सुमारास, २३ एप्रिल १९१८ ला, भर कोर्टात रामचंद्र या गदर नेत्याला त्याच्याच एका साथीदाराने गोळी घातली.

म्हणजे १९४४ मध्ये जिला आपण शाबास म्हणतो, ती आणि तिचा नवरा १९१७ मध्ये आपल्याच देशभक्तांच्या चिठ्ठ्या उलगडत होते. मग तिला काय म्हणायचे?

मी फौजेत आयुष्य काढले. मला तिचा राग येत नाही. देशभक्त कोण आणि हेर कोण हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. पिंगळे आपले हुतात्मा, त्या काळच्या सरकारच्या कागदांत ते कटवाले. पण डिकिन्सन आणि गदरचे वीर यांना एका तराजूत मी घालणार नाही. तिच्या पत्रांमागे नोटा होत्या. यांच्या पत्रांमागे घरदार सोडून निघालेली माणसे होती. कारागिरीला बाजू नसते, हेतूला असते. शत्रूच्या कारागिरीचा मान ठेवावा आणि आपण कुठे उघडे पडलो ते शिकावे, हे सैनिकाचे काम.

फॉरवर्ड भागात असताना आमच्या पत्रांवर ५६ एपीओ एवढाच पत्ता असे. गावाचे नाव लिहायचे नाही, युनिट कुठे हलणार ते लिहायचे नाही. तेव्हा जवानांना ते जाचक वाटे. आईला खोटे का लिहायचे, असे एकाने मला विचारलेही होते. मी म्हटले, खोटे लिहू नकोस, फक्त कमी लिही.

आज पत्र कोणी लिहीत नाही, पण लष्करी गाड्यांचा ताफा दिसला की मोबाइल बाहेर येतो. नावगाव, वेळ, सगळे एका मिनिटात जगभर. एके काळी एका जहाजाची खबर पोचवायला हेराला बाहुल्यांचे दुकान काढावे लागले. आपण ते काम फुकट करून देऊ नये, एवढीच विनंती.

जय हिंद.