खापरावरील तीन नांवें

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं १९५४ ते १९५६ या काळांत प्रवरेकांठीं नेवासें येथें उत्खनन केलें. त्यांत भूमध्यसमुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. माल आला हें कळलें. पण तो आणणारीं माणसें कोण? खापरें मुकीं होतीं. त्याच व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला, मिसर देशांत, एक बोलकें खापर सांपडलें आहे.

मिसरी लोकांस खापर म्हणजे फुकटचा कागद. पपायरस महाग पडे. म्हणून हिशेब, पावत्या, मुलांचे कित्ते खापरांवर किंवा चुनखडीच्या चिपांवर लिहीत. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षींची मजुरांची गैरहजेरी अशाच एका चिपेवर आहे. कोणाला विंचू चावला, कोण घरीं बीर गाळीत बसला, सारें नोंदलेलें! राजांच्या शिलालेखांत असलें कांहीं मिळावयाचें नाहीं.

ही चाल रोमन अंमलांतहि टिकली. तांबड्या समुद्राच्या कांठीं कुसैर-अल-कदीम, म्हणजे जुनें मायोस होर्मोस, या बंदरीं शिकागो विद्यापीठानें १९७८ ते १९८२ च्या दरम्यान खोदकाम केलें. तेथील एका खापरावर अक्षरें ब्राह्मी आणि भाषा प्राकृत निघाली. रिचर्ड सॉलोमन यांनीं १९९१ सालीं त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. हालक, विण्हुदत आणि नाकद हीं तीन नांवें, व पुढें तेल, मांस, मद्य अशी शिधासामुग्री. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त, हें सांगावयास पंडित नको. मांसमद्य वाचून कोणीं नाक मुरडूं नये. परमुलखांत वाण्याची यादी खोटें बोलत नाहीं.

नाशिक व कार्लें येथील सातवाहनकालीन लेख याच भाषेंत, याच लिपींत आहेत. त्यावरून हे तिघे महाराष्ट्रीयच, असा डंका मात्र पिटूं नये. तीच भाषा व लिपि इतर प्रांतांतहि चाले. पण वाट होती खरी. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर सांगितलें असून तेथील माल गाड्यांनीं बंदरास जाई, असें लिहिलें आहे. पुढचा प्रवास मोसमी वाऱ्यांचा. हिवाळ्यांत पश्चिमेकडे गेलेल्या गलबतास आषाढाच्या सुमारापर्यंत परतीचा वारा नसे. तोंवर त्या उजाड किनाऱ्यावर बसून राहावयाचें, आणि तेलाचा हिशेब ठेवावयाचा.