अंतराळयानांच्या लघुप्रतिकृती (छंद)

अंतराळयानांच्या लघुप्रतिकृती तयार करणे हा विज्ञानकथा, चित्रपट, दूरदर्शन मालिका आणि पटावरील खेळ यांतील काल्पनिक यानांची लहान आकाराची प्रारूपे हाताने घडवण्याचा व रंगवण्याचा छंद आहे. त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. तयार संच न वापरता प्लास्टिकचे पत्रे, नळ्या, लाकूड, पुठ्ठा व टाकाऊ वस्तू यांपासून संपूर्ण प्रतिकृती उभारण्याला स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. कारखान्यात बनलेल्या प्रतिकृतीचा मूळ रंग काढून किंवा झाकून तिला नवे रूप देण्याला पुनर्रंगकाम अथवा रिपेंटिंग म्हणतात. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे किटबॅशिंग. यात वेगवेगळ्या संचांचे सुटे भाग एकत्र करून नवे यान तयार केले जाते.

विमान, जहाज किंवा रणगाडा यांच्या प्रतिकृतीसाठी मूळ वस्तू उपलब्ध असते. काल्पनिक यानाची मूळ वस्तू म्हणजे चित्रीकरणासाठी बनवलेली दुसरी प्रतिकृतीच असते. त्यामुळे चित्रपटांसाठी घडवलेल्या प्रतिकृतींचा इतिहास, त्यांचे जतन आणि त्यांचा मूळ रंग हे विषय या छंदात विशेष महत्त्वाचे ठरतात.

इतिहास

चित्रपट व दूरदर्शन

ब्रिटिश दूरदर्शनवरील थंडरबर्ड्स (१९६५) या बाहुल्यांच्या मालिकेत डेरेक मेडिंग्ज यांच्या गटाने याने व इमारती यांच्यावर बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक संचांचे भाग चिकटवून बारकावे निर्माण केले. मेडिंग्ज यांच्यासोबत काम केलेले ब्रायन जॉन्सन यांनी पुढे स्पेस: १९९९ (१९७५) या मालिकेतील ईगल या यानासाठी काम केले. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या २००१: अ स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटासाठी डिस्कव्हरी यानाची सुमारे १६ मीटर लांबीची प्रतिकृती उभारण्यात आली होती.

स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटासाठी जॉर्ज लुकास यांनी १९७५ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही संस्था स्थापन केली. तेथील कारागिरांनी रणगाडे, युद्धनौका व विमाने यांच्या संचांमधील शेकडो भाग यानांच्या पृष्ठभागावर बसवले. नेमका उपयोग न सांगता येणाऱ्या, पण यंत्रासारख्या दिसणाऱ्या या तुकड्यांना तेथे ग्रीब्ली हे नाव रूढ झाले आणि पुढे ते छंदाच्या परिभाषेत स्थिरावले. या चित्रपटातील याने नवीकोरी न दिसता वापरलेली, काजळी धरलेली व ओरखडे पडलेली दाखवण्यात आली. रंगकामातील जीर्णीकरणाला त्यातून मोठी चालना मिळाली.

१९९३ पासून प्रसारित झालेल्या बॅबिलॉन ५ या मालिकेत अंतराळयाने सुरुवातीपासून संगणकावर तयार केली गेली. त्यानंतरच्या दशकात बहुतेक निर्मात्यांनी प्रतिकृतींचे चित्रीकरण सोडून संगणकीय प्रतिमांचा मार्ग धरला. तरीही हे तंत्र पूर्णपणे लोपले नाही. इंटरस्टेलर (२०१४) या चित्रपटात आणि द मॅन्डलोरियन (२०१९) या मालिकेतील रेझर क्रेस्ट या यानाच्या काही दृश्यांत प्रत्यक्ष प्रतिकृती वापरल्या गेल्या. मात्र स्टुडिओतील कार्यशाळा कमी झाल्यावर हे कौशल्य मोठ्या प्रमाणावर छांदिष्टांच्या हाती राहिले.

संच व खेळ

स्टार ट्रेकमधील एंटरप्राइझ यानाचा प्लास्टिक संच एएमटी या अमेरिकी कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणला. पुढे एमपीसी, रेव्हेल, पोलर लाइट्स व बंदाई या कंपन्यांनी विविध यानांचे संच काढले. पटावरील खेळांमुळे या छंदाला वेगळी शाखा फुटली. स्टार फ्लीट बॅटल्स (१९७९), फुल थ्रस्ट (१९९१) व बॅटलफ्लीट गॉथिक (१९९९) या खेळांमुळे काही सेंटिमीटर लांबीच्या यानांचे ताफे जमवण्याची व रंगवण्याची पद्धत रूढ झाली. फुल थ्रस्टचे नियम कोणत्याही उत्पादकाच्या किंवा घरी बनवलेल्या प्रतिकृतींसह वापरता येतात. त्यामुळे स्वनिर्मितीला त्यात विशेष वाव आहे. २०१२ मध्ये आलेल्या एक्स-विंग या खेळातील याने रंगवूनच विकली जात. तयार रंग बदलून स्वतःचे पथक उभे करण्याची आवड त्यातून वाढली.

प्रमाण

प्रतिकृती व मूळ यान यांच्या मापांतील गुणोत्तराला प्रमाण म्हणतात. एक वैमानिक बसणाऱ्या लढाऊ यानांसाठी १:७२ व १:४८ ही विमानांच्या प्रतिकृतींतील प्रमाणे वापरली जातात. मोठ्या यानांसाठी १:३५०, १:१०००, १:१४०० व १:२५०० अशी प्रमाणे आढळतात. एंटरप्राइझची कथेतील लांबी सुमारे २८९ मीटर मानली जाते. १:१००० प्रमाणात ती सुमारे २९ सेंटिमीटर, तर १:३५० प्रमाणात सुमारे ८३ सेंटिमीटर भरते. स्टार वॉर्समधील साडेबारा मीटर लांबीचे एक्स-विंग १:७२ प्रमाणात सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचे होते.

मोठेपणाचा आभास प्रतिकृतीच्या लांबीपेक्षा तिच्यावरील बारकाव्यांवर अधिक अवलंबून असतो. १:१००० प्रमाणात माणसाची उंची दोन मिलिमीटरपेक्षाही कमी भरते आणि तीन मीटर उंचीचा मजला तीन मिलिमीटरचा होतो. अशा यानावर पाच मिलिमीटरची खिडकी कोरली, तर पाहणाऱ्याचा डोळा तिला साधारण एक मीटरची समजतो आणि संपूर्ण यान पाचपट लहान भासते. याच कारणाने स्टार वॉर्समधील दीड किलोमीटरहून लांब असलेली युद्धनौका केवळ ९१ सेंटिमीटरच्या प्रतिकृतीतून अवाढव्य दाखवता आली.

रंगालाही प्रमाणाचा नियम लागू होतो. दूरची वस्तू हवेतील धूलिकण व बाष्प यांमुळे फिकट दिसते. म्हणून प्रतिकृतीवर मूळ रंग जसाच्या तसा न लावता त्यात थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात. अंतराळात हवा नसली, तरी पाहणाऱ्याच्या नजरेला दूरच्या मोठ्या वस्तू फिकट दिसण्याची सवय असते. त्यामुळे हा उपाय यानांनाही लागू पडतो. झळाळी असलेला रंग प्रतिकृतीला खेळण्याचे रूप देतो, म्हणून शेवटचा थर बहुधा मंद चकाकीचा असतो.

निर्मितीची पद्धत

आराखडा व सांगाडा

प्रथम चित्रे व चित्रपटातील दृश्ये यांवरून समोरचा, बाजूचा व वरचा असे तीन आराखडे ठरवलेल्या प्रमाणात काढले जातात. मोठ्या प्रतिकृतीत प्लायवूड, अॅक्रिलिक किंवा धातूच्या नळीचा सांगाडा असतो. उभ्या कांडीसाठी खोबण व विजेच्या तारांसाठी मार्ग याच टप्प्यावर ठेवावे लागतात. कवच बसवल्यानंतर ते करणे कठीण जाते.

कवच

या कामासाठी पॉलिस्टायरीनचा पत्रा सर्वाधिक वापरला जातो. साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा कटरने रेषेवर चर पाडून वाकवला असता सरळ तुटतो. जोडासाठी विद्रावक वापरतात. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि द्रव उडून गेल्यावर त्या एकजीव होतात. निरनिराळ्या पदार्थांच्या जोडासाठी सायनोअॅक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरावे लागते. फटी लांबी भरून बुजवतात व बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने पाण्यासह घासतात. गोल व निमुळत्या भागांसाठी बाटल्या, झाकणे, चेंडू किंवा लेथवर कातलेले लाकूड उपयोगी पडते.

पृष्ठभागावरील बारकावे

पातळ पत्र्याचे चौकोन चिकटवून किंवा टोकदार हत्याराने रेषा कोरून कवचाचे पट्टे दाखवले जातात. त्यावर ग्रीब्ली बसवतात. त्यासाठी जुन्या संचांचे उरलेले भाग, पेनच्या रिफिल, गोळ्यांची रिकामी पाकिटे, घड्याळांची चाके, तारा व इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांचे तुकडे वापरता येतात. सर्वत्र सारख्या दाटीने तुकडे बसवले, तर नजर कोठेच ठरत नाही. त्यामुळे मोकळा भाग व दाट भाग यांचा मेळ राखला जातो. बारकावे खोबणीत, जोडावर किंवा इंजिनांजवळ एकवटले जातात. शेवटी सर्व भागांवर एकाच रंगाचे अस्तर मारले की निरनिराळ्या वस्तूंची मूळ ओळख पुसली जाते आणि राहिलेल्या फटीही दिसून येतात.

प्रकाशयोजना

एलईडी दिवे व प्रकाशतंतू वापरून खिडक्या व इंजिने उजळवली जातात. पातळ प्लास्टिकमधून प्रकाश आरपार झिरपतो. म्हणून कवचाच्या आतील बाजूस आधी काळा व त्यावर पांढरा रंग देतात. काळा थर प्रकाश अडवतो व पांढरा तो आत परावर्तित करतो.

पुनर्रंगकाम

तयार प्रतिकृती प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन तिच्यावरील तेलकटपणा घालवतात. जुना रंग जाड असल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहोलसारख्या द्रवाने काढतात. काही द्रव प्लास्टिक ठिसूळ करतात, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घेतली जाते. अस्तरानंतर एअरब्रशने किंवा कुंचल्याने पातळ थरांत मूळ रंग चढवतात.

पुढील टप्प्यांत पातळ गडद रंग खाचांत सोडून रेषा उठावदार केल्या जातात, तर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट रंग फिरवला जातो. इंजिनांजवळची काजळी, कवचाचे बदललेले पट्टे व उडालेल्या रंगाच्या खुणा यांतून यानाचा पूर्वेतिहास सूचित होतो. लहान प्रतिकृतीवर या खुणा तितक्याच लहान असाव्या लागतात. १:१००० प्रमाणात एक मिलिमीटरचा ओरखडा प्रत्यक्षात एक मीटरचा ठरतो.

मूळ प्रतिकृतींचे जतन

चित्रीकरणाच्या प्रतिकृती कामापुरत्या बनवलेल्या असत. त्यांतील अनेक काम संपल्यावर मोडल्या किंवा हरवल्या. २००१: अ स्पेस ओडिसीच्या बहुतेक प्रतिकृती नष्ट झाल्या. त्यातून वाचलेली एरीज १-बी या यानाची प्रतिकृती २०१५ मध्ये लिलावात आली. अमेरिकेतील अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस या संस्थेने ती ३ लाख ४४ हजार डॉलरला घेतली. प्रतिकृतिकार ग्रेग जीन यांच्या संग्रहात सापडलेली स्टार वॉर्सच्या चित्रीकरणातील एक्स-विंगची प्रतिकृती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. जीन यांनी काम केलेली क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड (१९७७) या चित्रपटातील मातृयानाची प्रतिकृती स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिच्या पृष्ठभागावर कारागिरांनी गमतीने टपालपेटी, छोटी मोटारगाडी व स्टार वॉर्समधील यंत्रमानव दडवले आहेत.

एंटरप्राइझच्या १९६४ मध्ये बनवलेल्या सुमारे ३.४ मीटर लांबीच्या प्रतिकृतीचा इतिहास पुनर्रंगकामाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने बाहेर काढल्यामुळे ती बाजू अपुरी राहिली आणि चित्रीकरण प्रामुख्याने उजव्या बाजूने झाले. १९७४ मध्ये ती वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाला मिळाली. त्यानंतर तिची अनेकदा दुरुस्ती झाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या रंगकामात कवचावरील जाळीच्या रेषा मुळापेक्षा ठळक झाल्याची टीका जाणकारांनी केली. तबकडीच्या वरच्या भागावर मात्र १९६० च्या दशकातील मूळ रंग शिल्लक होता. तो आधार मानून व जुनी छायाचित्रे अभ्यासून संग्रहालयाने नवे जतनकार्य केले आणि २०१६ मध्ये प्रतिकृती पुन्हा प्रदर्शनात मांडली. याच मालिकेची सुमारे ९० सेंटिमीटरची पहिली प्रतिकृती अनेक दशके बेपत्ता होती. २०२३ मध्ये ती ऑनलाइन विक्रीच्या यादीत आढळली आणि २०२४ मध्ये मालिकेचे निर्माते जीन रॉडेनबेरी यांच्या मुलाकडे सुपूर्द झाली.

या उदाहरणामुळे छंदात एक संकेत दृढ झाला आहे. बाजारातील खेळण्याचा रंग मुक्तपणे बदलता येतो. दुर्मीळ किंवा चित्रीकरणात वापरलेल्या प्रतिकृतीवरील जुना रंग हा मात्र पुरावा असतो आणि एकदा काढला की तो परत मिळत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात लघुरूपे घडवण्याची घरगुती परंपरा दिवाळीतील किल्ल्यांमध्ये दिसते. पुणे, मुंबई, कोकण व पश्चिम महाराष्ट्रात मुले दगड, विटा, पोती व माती यांपासून किल्ला उभारतात, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात आणि त्यावर शिवाजी महाराज व मावळे मांडतात. उपलब्ध वस्तूंतून संपूर्ण रचना उभी करणे हा या दोन्हींतील समान धागा आहे. प्रमाणाबाबत मात्र दोन्ही भिन्न आहेत. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असला तरी चालतो, कारण तेथे महत्त्व प्रसंगाला असते. यानाच्या प्रतिकृतीत अशी विसंगती संपूर्ण परिणाम घालवते.

गणेशोत्सवातील आरास हा दुसरा संबंधित प्रकार आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्यानंतर पुढील महिन्यातील गणेशोत्सवात चांद्रयान व प्रक्षेपक यांचे देखावे अनेक ठिकाणी साकारले गेले. आराशीसाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्माकोलवर राज्य शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली. त्यानंतर पुठ्ठा, कागद व लाकूड यांचा वापर वाढला. टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणी बनवण्याचा प्रसार पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी केला.

आयात केलेले संच व विशेष रंग महाग पडतात, परंतु स्क्रॅच बिल्डिंगसाठी ते अनिवार्य नाहीत. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, परळी वैजनाथ किंवा माजलगाव यांसारख्या गावांतही स्टेशनरी, हार्डवेअर व मोटारींच्या रंगाच्या दुकानांतून पुठ्ठा, पीव्हीसी नळ्या, इपॉक्सी, लांबी, पॉलिश पेपर व अस्तर मिळते. भंगारातील प्लास्टिक व इलेक्ट्रॉनिक भाग बारकाव्यांसाठी उपयोगी ठरतात.

त्रिमितीय मुद्रण व मतभेद

त्रिमितीय मुद्रणामुळे संगणकावर आराखडा करून सुटे भाग किंवा संपूर्ण यान छापणे शक्य झाले. उत्पादन थांबलेल्या खेळांचे ताफे त्यामुळे पुन्हा जमवता येतात. अशा प्रतिकृतीला हस्तनिर्मित म्हणावे का, याबाबत मतभेद आहेत. संगणकावर स्वतः केलेली रचना ही स्वनिर्मितीच होय, असे काहींचे मत आहे. इतरांच्या मते पत्रा कापणे व जोडणे हाच या प्रकाराचा गाभा आहे. घरगुती प्रतिकृती आणि विक्रीसाठी काढलेल्या प्रती यांत स्वामित्वहक्काच्या दृष्टीनेही फरक केला जातो.

सुरक्षितता

विद्रावक व फवारणीचे रंग खेळत्या हवेत, आगीपासून दूर वापरावे लागतात. रेझिन व प्लास्टिक घासताना मुखपट्टी आवश्यक असते. पाण्यासह घासल्यास धूळ उडत नाही. न घट्टावलेले रेझिन त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे वापरतात. जुन्या धातूच्या प्रतिकृतींत शिसे असू शकते, म्हणून त्या हाताळल्यानंतर हात धुणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

विज्ञानकथा
दिवाळीतील किल्ला
एरोमॉडेलिंग
त्रिमितीय मुद्रण